भिंगाचं कुपन

सेन्नियप्पन पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला तो चोर वाटला होता. तिशी ओलांडलेला माणूस, वीज मंडळात मीटर वाचायच्या नोकरीला, काखेत खाकी पिशवी, आणि रद्दीच्या गठ्ठ्यांभोवती असा घुटमळत होता की मी आधी गल्ल्याला कुलूप लावलं. काय पाहिजे म्हणून विचारलं तर मान खाली.

"पुस्तकं."

"कसली?"

"जुनी."

आता रद्दीच्या दुकानात कोरी करकरीत पुस्तकं कोण ठेवतं? अर्धा तास असाच गेला. शेवटी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून तो माझ्या टेबलाशी वाकला आणि कुजबुजला, "अक्का, कॉमिक्स आहेत का?" मागच्या कपाटातली पुस्तकं मागणारेही याच आवाजात मागतात, म्हणून मी चावी हातात घेतली होती, ती परत ठेवली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा बाप्या, आणि मला अक्का म्हणत होता!

तमिळनाडूतल्या ईरोडला घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत आमचं दुकान. आधी अप्पांचं, आता माझं. कॉलेजची गाइडं विकणारी पोरं, सासऱ्याची सगळी पुस्तकं तेराव्याच्या आत आणून टाकणाऱ्या सुना, सगळे नमुने पाहिलेत मी. पण या कॉमिक्सवाल्यांसारखी ध्यानं नाहीत. इंटरनेट यायच्या आधी ते एकएकटे यायचे. बँकेतला कॅशियर, शाळेचा हेडमास्तर, हळदीचा अडत्या. घोडे झाले, टक्कल पडलं, पोरं कॉलेजात गेली, आणि हे आपले मुखवटेवाल्या वीरांच्या मागे. घेतलं की पहिलं काम म्हणजे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळणं. बायकोने बघू नये, शेजाऱ्याने बघू नये, बसमध्ये कंडक्टरने बघू नये. प्रत्येकाची खात्री की सबंध जिल्ह्यात असं वेड आपल्या एकट्यालाच.

मला असे अकरा जण माहीत होते. एकदा तर कॅशियर आणि हेडमास्तर दुकानात एकमेकांकडे पाठ करून उभे, दोघांच्या काखेत तसलंच पुडकं. मी एक शब्द बोलले असते तर दोघांची दोस्ती झाली असती. नाही बोलले. मला काय पडलंय? उलट मजा वाटायची.

सेन्नियप्पन त्यांच्यातला सगळ्यात कडेचा. बाकीच्यांकडे निदान पुस्तकं होती, याच्याकडे काहीच नव्हतं. लहानपणचा सगळा साठा त्याच्या बापाने संपवला होता, आणि नव्याने जमवायला पगार पुरत नव्हता. मग हा काय करायचा? शेजारच्या भवानी गावच्या गल्ल्यांतून मीटर वाचत फिरायचा, कार्डावर आकडा लिहायचा आणि घरच्या बाईला विचारायचा, "अम्मा, माळ्यावर जुनी पुस्तकं आहेत का?" बायांना वाटायचं वीज मंडळाने काहीतरी नवी तपासणी काढलीय. एकीने घाबरून जुनी बिलं काढून दाखवली होती. मिळालं तर माझ्याकडे आणायचा, दुकानातल्या स्टुलावर बसून वाचायचा आणि मला विकून जायचा. घरी नेऊन ठेवायला जागा नाही, आणि बायकोने सांगितलेलं, ते येईल किंवा मी राहीन.

पण लक्षात मात्र सगळं ठेवायचा. कुठल्या अंकात कितव्या पानावर कोण कुणाला काय म्हणालं, घडाघडा. एवढी बुद्धी खात्याच्या परीक्षेत वापरली असती तर साहेब झाला असता. मी तोंडावर सांगितलं त्याला. तो हसला, जणू मी त्याचं कौतुक केलं होतं.

मग दोन हजार आठ साली सेलमच्या एका दाताच्या डॉक्टरने ब्लॉग काढला. जंबुलिंगम त्याचं नाव. दवाखान्यात पेशंट येत नसावेत, कारण रोज दोन-दोन पानं लिहायचा. लहानपणी कॉमिक्समधल्या कप्तान पुयलची पुस्तकं कशी वाचली, चिमणीच्या उजेडात कशी वाचली, परीक्षेच्या आदल्या दिवशी कशी वाचली. आणि काय आश्चर्य, खाली उत्तरं यायला लागली! मदुराईहून, तिरुनेलवेलीहून, सिंगापूरहून, दुबईहून. "सार, मला वाटायचं मी एकटाच!" प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच. दोन वर्षांत तीनशे माणसं जमली. कालपर्यंत पुडकी लपवणारे आता छातीवर कप्तान पुयल छापलेले टीशर्ट घालून, पोटं पुढे काढून फोटो टाकायला लागले. एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला जायला लागले. वेडाचा एकदम पंथ झाला.

माझा कॅशियर आणि माझा हेडमास्तर एके दिवशी खांद्याला खांदा लावून दुकानात आले. "अक्का, हे इथेच राहतात, तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "मला काय स्वप्न पडतं का?"

सेन्नियप्पनने ऑफिसजवळच्या नेट सेंटरमध्ये ब्लॉग वाचला. आठ महिने नुसता वाचला. दाखवायला पुस्तक नाही तर बोलायचं कशाच्या जोरावर? त्या लोकांत ज्याच्याकडे अंक त्याला मान. आणि मग निघाला एकतीस नंबरचा विषय.

हे एकतीस नंबरचं प्रकरण नीट सांगायला हवं. पंच्याऐंशीचा दीपावली विशेष, 'सातवा दीपस्तंभ'. शेवटच्या पानावर कप्तान पुयलचा जुना दोस्त, जो आता त्याचा वैरी झालाय, दीपस्तंभाच्या कठड्यावरून खाली लटकतोय आणि पुयलने त्याचं मनगट धरलंय. खाली समुद्र. एवढं अर्ध्या पानावर. उरलेल्या अर्ध्या पानावर शेवट. आणि कुणा शहाण्याने नेमकं त्या शेवटाच्या पाठीमागे छापलं कुपन: कापा, नाव-पत्ता भरा, तिकीट लावून पाठवा, भिंग फुकट मिळवा. झालं. सबंध तमिळनाडूतल्या पोरांनी कात्री चालवली. आज ज्याच्याकडे एकतीस नंबर आहे त्याच्या शेवटच्या पानाला खिडकी आहे. शेवट कुणाकडेच नाही. वाचला होता सगळ्यांनी, आठवत कुणालाच नाही. आठवतं काय, तर भिंगाने मुंग्या कशा जाळल्या! असले हे साहित्याचे भक्त.

ब्लॉगवर यावर तीन आठवडे रणकंदन चाललं. आणि तेव्हा सेन्नियप्पनने आयुष्यातलं पहिलं उत्तर लिहिलं. त्याने लिहिलं, मी कुपन कापलं नव्हतं, मला शेवट आठवतो. पुयल दोस्ताला वर ओढतो. दोस्त म्हणतो, मी तुला तीनदा मारायला आलो, का वाचवलंस? पुयल म्हणतो, दिवा लावायला दोन माणसं लागतात. मग दोघं मिळून दीपस्तंभाचा दिवा लावतात आणि दूर एक जहाज वळतं.

त्र्याऐंशी माणसांनी खाली लिहिलं, हो, अगदी असंच होतं. सिंगापूरच्या एकाने लिहिलं की वाचताना तो ऑफिसात रडला. कुपन कापलेल्या एकूण एकाला तो शेवट आठवायला लागला, जहाज कुठल्या बाजूला वळलं तेसुद्धा. आणि मीटर वाचणारा सेन्नियप्पन रातोरात 'अण्णा' झाला. डॉक्टर जंबुलिंगम सेलमहून गाडी घेऊन त्याला भेटायला आला. दरवर्षी ऑगस्टमध्ये ईरोडला पुस्तक प्रदर्शन भरतं तेव्हा ही मंडळी मैदानाबाहेरच्या कडुलिंबाखाली जमू लागली, आणि मधल्या खुर्चीवर सेन्नियप्पन. त्याच्या घरच्या जेवणाचा डबा शेअर करायला मोठमोठे लोक! चेहरा बदलला त्याचा. मान वर करून दुकानात यायला लागला. बायकोसुद्धा एका वर्षी आप्प्यांसारखे कुळीपणियारम घेऊन आली.

मला राग यायचा. का, ते सांगते. शेवट तसा नव्हता.

एकतीस नंबर माझ्याकडे होता. अखंड. रद्दीतून आलेला नव्हे, माझा स्वतःचा. सहावीत असताना अप्पांनी परतीच्या गठ्ठ्यातून काढून दिलेला. कुपन मी पेन्सिलीने भरलं, पण तिकिटाला अप्पांनी नकार दिला. "भिंग घेऊन काय करणार, वकील होणार?" मग मी ते कापलंच नाही. लग्न होऊन गेले, नवरा वारल्यावर परत आले, अप्पा गेले, पण ते पुस्तक माझ्या ट्रंकेत साड्यांखाली राहिलं. एकटं नाही, आणखी चाळीसएक आहेत. कुणाला सांगितलं नाही. या दुकानात बसून ज्यांना इतकी वर्षं हसले, त्यांना काय सांगू, की मीही त्यांच्यातलीच?

तर दोन हजार तेराच्या जुलैत सेन्नियप्पन नाचत दुकानात आला. डॉक्टरने एकतीस नंबर पुन्हा छापायचा घाट घातला होता, फक्त त्यांच्या लोकांसाठी. चेन्नईचा एक चित्रकार शेवटचं अर्धं पान सेन्नियप्पनच्या सांगण्यावरून काढणार, आणि आत छापणार: शेवट आठवणीतून दिला, भवानीचे सेन्नियप्पन.

"माझं नाव छापून येणार, अक्का!"

"लग्नपत्रिकेत आलं होतं ना एकदा? मग?"

"तुम्हाला नाही कळायचं," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला, तेच जास्त लागलं. "ज्याचा खरा जीव होता त्यानेच ते पान कापलं नाही. तुम्हाला काय, सगळं किलोवर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, शेवटचं पान वर, मागे पुठ्ठा. तो संध्याकाळी आला तेव्हा त्याच्यासमोर ठेवलं. "रद्दीत आलं," म्हटलं. "वाचा, अण्णा."

त्याने वाचलं. शेवट असा: दोस्ताचं मनगट निसटतं, 'आ' करून तो समुद्रात पडतो. पुढच्या चौकटीत पुयल हॉटेलात बसून इडली खातोय आणि म्हणतोय, "एक संकट टळलं! आता पोटाचं बघू!" खाली कोपऱ्यात 'शुभम', म्हणजे समाप्त. कुपनाला जागा करायची म्हणून मूळची दोन पानं कापून छापखान्यात कुणीतरी घाईने उरकलेलं, लगेच कळत होतं.

सेन्नियप्पन स्टुलावर बसला. पान पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मला वाटलं होतं मजा येईल, आणि पहिली पाच मिनिटं आलीही.

"मी शेवट वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "नववीत होतो. शेवटच्या पानावर पुयलने मनगट धरलंय तिथवर आलो, तेवढ्यात आमच्या अप्पांनी हातातून ओढलं आणि पाणी तापत होतं त्या चुलीत घातलं. सगळी घातली. पंधरा वर्षं रोज झोपताना मी तो शेवट करत होतो. कधी वाचवायचो, कधी नाही. मग एकदा तो दिव्याचा सुचला आणि तोच राहिला."

"म्हणजे चक्क खोटं बोललात."

"हो."

"त्र्याऐंशी माणसांशी."

"हो, अक्का. ते सगळे बोलत होते आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. दुसरं काय होतं माझ्याकडे?" मग तो म्हणाला, "कुणाला सांगू नका."

मी काहीच कबूल केलं नाही. त्याला घाम फुटलेला बघत बसले. जाताना दारातून तो परत वळला. "नको. सांगायलाच हवं. नाव छापून येतंय. प्रदर्शनात अंक वाटतील त्या दिवशी हे मला द्याल? मीच सांगतो." मी म्हटलं, न्या. मला तमाशा बघायचा होता.

प्रदर्शनाच्या काळात मी मैदानाबाहेर फुटपाथवर माझी पुस्तकं मांडते, कडुलिंबाच्या अगदी समोर. त्या रविवारी दोनशे तरी माणसं जमली होती. नव्या छापलेल्या एकतीस नंबरचे गठ्ठे टेबलावर, वर लाल फीत. डॉक्टरने भाषण केलं, त्यात 'कुटुंब' हा शब्द मी मोजला, चौदा वेळा. मग सेन्नियप्पन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माझी प्लास्टिकची पिशवी.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तो शेवट मी रचला. खरा हा आहे." आणि त्याने पान वर धरलं.

आधी सगळे हसले. त्यांना वाटलं, गंमत. मग पिशवी हातोहात फिरली आणि हसू थांबलं. मला वाटलं, आता पडेल तोंडघशी. पण माझा हिशेब चुकला, कारण मी त्या लोकांना अजून पुरेसं मूर्ख समजत नव्हते.

"हे बनावट आहे," डॉक्टर म्हणाला.

"नाही सार, हे खरं..."

"अण्णा, कुणीतरी तुम्हाला फसवलंय. पुयल दोस्ताला सोडून इडली खाईल? आपला पुयल? हल्ली कॉम्प्युटरवर काय वाटेल ते छापतात."

"मला स्वतःला आठवतंय ना दिवा लावलेला!" माझा कॅशियर ओरडला. "मी वाचलाय!" हेडमास्तर म्हणाला, "अण्णांचा हा विनय आहे, विनय. श्रेय नको म्हणून चाललंय." आणि त्यावर टाळ्या पडल्या! माणूस गळा फाडून सांगतोय मी खोटारडा, आणि हे टाळ्या वाजवतायत. लाचारासारखा चेहरा झाला त्याचा. "ऐका हो," तो म्हणत होता, "ऐका ना जरा."

मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मागची बाजू बघा की. कुपन आहे का? बनावट करणारा कुपन विसरला असेल."

पिशवी परत सेन्नियप्पनकडे आली. त्याने पुठ्ठा काढला आणि पहिल्यांदाच पान उलटलं. मी होते तिथून मला दिसत नव्हतं, पण तिथे काय आहे ते मला पाठ होतं. के. पूंगोडी, सहावी अ, घड्याळाच्या मनोऱ्यामागे, जुन्या पुस्तकांचं दुकान, ईरोड. तारीख अठरा नोव्हेंबर पंच्याऐंशी. पोरीच्या अक्षरात, पेन्सिलीने. 'पूं'वरचा ठिपका गोल काढलेला.

याहून पक्का पुरावा नव्हता. नुसतं वाचून दाखवायचं आणि रस्त्यापलीकडे बोट करायचं. खरा शेवट सिद्ध झाला असता, तो मोकळा झाला असता.

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. सगळं समजलं त्याला. पुस्तक रद्दीतलं नाही, आणि 'तुम्हाला नाही कळायचं' हेही खरं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसून त्यांना हसत होते, ते सगळं. "माझंय ते." एवढंच म्हणायचं होतं मला. रस्ता ओलांडायचीही गरज नव्हती, माझा आवाज पलीकडे जातो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. समोर एक बाई स्वयंपाकाचं पुस्तक हातात घेऊन उभी होती. मी तिला सांगितलं, हे नका घेऊ, पाट्यावरच्या चटण्यांचं ते बघा.

"काय आहे मागे, अण्णा?" डॉक्टरने हात पुढे केला.

सेन्नियप्पनने पान पिशवीत सरकवलं आणि पुठ्ठा घातला. "कोरं आहे," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे, डॉक्टर. बनावट आहे."

सगळ्यांनी केवढा मोठा श्वास सोडला! फीत कापली, पुस्तकं वाटली, प्रत्येकाने पहिल्या पानावर त्याची सही घेतली. त्याने दोनशे सह्या केल्या. मी एकेक मोजली नाही, पण पेन दोनदा बदललेलं बघितलं.

दिवे लागायच्या सुमाराला मी पुस्तकं बांधत होते तेव्हा तो आला. बसला नाही.

"पाठवलं का नाही, अक्का?"

"तिकिटाला पैसे दिले नाहीत अप्पांनी."

"हं."

"तुम्ही सांगायचं होतंत की. माझी कसली भीती?"

"कुपन भरणारीने स्वतः सांगायला हवं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी त्यांच्यात खोटं बोलून शिरलो. तुम्हाला तेही करावं लागलं नसतं."

त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, पूर्वी दुकानातून नेताना बांधायचे अगदी तसं. मग तो कडुलिंबाकडे परत गेला, तिथे अजून पाच-सहा जण चहा घेत त्याची वाट बघत होते.

मी गाठोडी रिक्षात टाकली. घरी माझ्याशिवाय कुणी नाही, बघणारं कुणी नाही, रस्त्यातही कुणी ओळखीचं नव्हतं. तरी मी ते पुडकं सोडलं नाही. तसंच काखेत दाबून घरी नेलं.